शुक्रवारचं पत्रक वाचा

आयर्लंडमध्ये येऊन मला चौदा वर्षं झाली. दोन्ही मुलं एकाच कॅथलिक सेकंडरी शाळेत घातली. थोरली बाहेर पडली, धाकटा फिफ्थ इयरला, म्हणजे शेवटून दुसऱ्या वर्षाला आहे. दर ऑगस्टमध्ये आपल्या मराठी ग्रुपवर नव्यानं आलेल्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. ‘ताई, शाळा चर्चची आहे म्हणे, मुलांना बाटवतील का?’ आणि ‘ताई, शाळेचं रँकिंग काय?’ रँकिंगचा प्रश्न मी आता वाचूनही सोडून देते. पहिल्याचं उत्तर मात्र दर वर्षी नव्यानं टाइप करते. यंदा एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय.

आधी ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द डोक्यातून काढा. छडीवाल्या सिस्टर इथे आता सापडणार नाहीत. एडमंड राइस यांनी १८०२ मध्ये वॉटरफर्डला गरीब मुलांसाठी शाळा काढली, कॅथरीन मॅकऑली यांनी १८३१ मध्ये डब्लिनला मर्सी सिस्टर्सची स्थापना केली. लोरेटो या नन्सच्या संघाचं नाव तर आपल्या ओळखीचंच. मदर तेरेसा कोलकात्याला जाण्याआधी १९२८ मध्ये डब्लिनच्या रॅथफार्नमला लोरेटोतच दाखल झाल्या होत्या. या सगळ्या परंपरेतल्या बऱ्याच शाळा आज ट्रस्टच्या हाती आहेत. मुख्याध्यापक म्हणजे चारचौघांसारखे संसारी गृहस्थ, शिक्षकांचे पगार सरकार देतं. १९६७ पासून सेकंडरी शिक्षण मोफत आहे. फी घेणाऱ्या शाळा थोड्या. ‘व्हॉलंटरी कॉन्ट्रिब्यूशन’चं पत्र येतं, ते नावाप्रमाणे ऐच्छिक असतं. जमेल तेवढं द्या. पण चारचाकी नवी घेऊन ‘सक्ती नाहीये ना, मग कशाला?’ म्हणणारे आपलेच लोक पाहिले की मला लाज वाटते.

आता मुद्द्याचं. दर शुक्रवारी दुपारी शाळेचं साप्ताहिक पत्रक येतं. पूर्वी दप्तरातून चुरगळून यायचं, आता ईमेलनं किंवा ॲपवर येतं. त्यात कॅमोगी आणि हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश खेळांच्या सामन्यांचे निकाल, ट्रान्झिशन इयरच्या (चौथ्या वर्षाच्या) मुलांचं संगीत नाटक, केकविक्रीतून जमलेली रक्कम, क्वायरला (गायनवृंदाला) हवेत आवाज, हरवलेला जंपर, नोव्हेंबरच्या प्रार्थनेसाठी मृतांची नावं पाठवा, कुणाच्या आजोबांच्या निधनाबद्दल शोक. पहिली तीन वर्षं मी ते उघडायचे आणि पहिल्या ओळीतला ‘मास’ (कॅथलिकांची सामूहिक उपासना) शब्द दिसला की बंद करायचे. हे चर्चचं आहे, आपल्याला काय त्याचं!

त्याची किंमत आम्ही मोजली, ती सांगते.

थोरली ट्रान्झिशन इयरला होती. फेब्रुवारीच्या एका पत्रकात इथल्या संत ब्रिजिडच्या क्रॉसचा फोटो, खाली क्वायरचं कौतुक, त्याखाली कॅथलिक स्कूल्स वीकचा वृत्तांत आणि सगळ्यात शेवटी चार ओळी: फिफ्थ इयरचे विषय निवडायचा फॉर्म येत्या बुधवारपर्यंत. मुलांकडेही कागद दिला होता म्हणे. आमच्या बाईसाहेबांनी तो लॉकरमध्ये ठेवला आणि विसरल्या. बुधवार गेला. शुक्रवारी मी फोन केला तेव्हा ऑफिसातल्या बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, ‘आह, नो बॉदर, बघू आम्ही काय करता येतं ते.’ मी निर्धास्त झाले. इथे कुणी तोंडावर नाही म्हणत नाही, हे मला तेव्हा कळत नव्हतं. ‘बघू’ म्हणजे जवळजवळ नाहीच.

मुलांच्या पसंतीवरून शाळा विषयांचे गट बांधते. एका गटातला एकच विषय घेता येतो, आणि प्रयोगशाळेत जागा मोजक्या. केमिस्ट्री भरली होती. त्याच गटातला भूगोल तिच्या वाट्याला आला. हिला तर फार्मसीला जायचं होतं! शेवटी दोन वर्षं दर शनिवारी केमिस्ट्रीची ग्राइंड लावली. ग्राइंड म्हणजे आपली खासगी शिकवणी, तासाला चाळीस युरो. परीक्षा शाळेतच देता आली, पण तीन हजारांहून जास्त युरो गेले, शनिवार गेले, आणि घरात दोन वर्षं त्या कागदावरून उखाळ्यापाखाळ्या झाल्या त्या वेगळ्याच. तिचा बाप अजूनही जेवताना मीठ मागायच्या सुरात म्हणतो, ‘पत्रक वाचलंस का?’

म्हणून परत सांगते: पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. चहा घेऊन बसा, दहा मिनिटं लागतात. तारखा फोनमध्ये टाका. काही समजलं नाही तर सोमवारी सकाळी ऑफिसला विचारा, आणि मराठी ग्रुपवर विचारू नका. तिथे सहा जण सहा उत्तरं देतील, आणि त्यातले चार जण दुसऱ्या काउंटीतले असतील.

ट्रान्झिशन इयरवरून आठवलं. थर्ड इयरच्या ज्युनियर सर्ट परीक्षेनंतरचं हे एक वर्ष बहुतेक शाळांत ऐच्छिक असतं. परीक्षा नाही, नाटक, कामाचा अनुभव, समाजसेवा, डोंगर चढणं. आपल्यातले निम्मे पालक ‘वर्ष फुकट’ म्हणून ते टाळतात. माझी थोरली त्या वर्षात वृद्धाश्रमात दर आठवड्याला जायची, आणि तिथल्या आज्यांबरोबर पत्ते खेळता खेळता तिचं इंग्रजी आणि तिचा स्वभाव दोन्ही उघडले. फुकट गेलं ते माझ्यामुळे, वर्षामुळे नाही.

आता मासबद्दल. वसईचे आपले ख्रिस्ती लोक मिस्सा म्हणतात तेच. वर्षाच्या सुरुवातीला एक, नाताळाआधी एक, मे महिन्यात सिक्स्थ इयरच्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या निरोपाला एक, असा साधारण क्रम. पालकांना बोलावतात. जा. मागे बसा, सगळे उठले की उठा, बसले की बसा. गुडघे टेकायची गरज नाही. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही आणि मी तिथेच तोंडावर आपटले. शेवटाकडे लोक रांगेनं पुढे जातात, फादर किंवा मदतनीस हातावर एक पांढरी पातळ चकती ठेवतात. मला वाटलं, प्रसाद. मीही रांगेत गेले, उजवा हात पुढे केला, चकती घेतली आणि घरी नवऱ्याला व धाकट्याला द्यायची म्हणून रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली! वाटप करणाऱ्या बाईंनी ते पाहिलं. मास संपेपर्यंत थांबल्या, मग माझ्या बाकाशी येऊन खाली वाकून हळूच म्हणाल्या, ‘लव्ह, ती मला परत देशील का?’ त्यांच्या दृष्टीनं ते ख्रिस्ताचं शरीर, आणि मी ते सुपारीच्या डबीशेजारी ठेवलेलं. पुढे त्या बाईंशी माझी चांगली मैत्री झाली, पण त्या दिवशी जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. तर: कॅथलिक नसाल तर बाकावरच बसून राहा. पुढे जायचंच असेल तर दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवा, म्हणजे नुसता आशीर्वाद देतात.

ॲश वेन्सडेला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळाच्या (लेंटच्या) पहिल्या दिवशी, मुलं कपाळावर राखेची फुली घेऊन घरी येतील. ती घेणं न घेणं त्यांच्यावर असतं. धाकटा तसाच व्हिडिओ कॉलवर बसला तेव्हा माझ्या सासूबाई खूश: ‘अंगारा लावलाय का रे? शहाणा माझा!’ मी काही बोलले नाही.

धर्माच्या तासाचं काय? घटनेच्या ४४ व्या कलमानुसार सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत मुलाला धर्मशिक्षणाला न बसण्याचा हक्क आहे, आणि अशा मुलांची सोय काय करणार हे शाळेला प्रवेशधोरणात लिहावं लागतं. तुमचं मन घेत नसेल तर लेखी कळवा, भांडायची गरज पडत नाही. माझं मत विचाराल तर आधी पुस्तक उघडून बघा. ज्युनियर सायकलच्या (पहिल्या तीन वर्षांच्या) या विषयात ख्रिस्ती धर्माबरोबर यहुदी, इस्लाम, बौद्ध आणि हिंदू धर्मही शिकवतात. माझ्या धाकट्याला कर्माचा सिद्धांत टिपररी काउंटीच्या एका सरांनी समजावला. घरी आम्ही काय समजावलं होतं? ‘असं करू नये, पाप लागतं.’

आयरिश भाषेची सूट बारा वर्षं पूर्ण झाल्यावर परदेशातून आलेल्या मुलांना मिळू शकते, मुख्याध्यापकांना विचारा. लहान वयात आलात तर शिकू द्या. नावं मात्र स्पेलिंगवरून वाचू नका. धाकट्याच्या वर्गातल्या नीव्हला (स्पेलिंग Niamh) मी सहा महिने ‘नियाम’ म्हणत होते आणि ती बिचारी ‘ओ’ देत होती.

पत्रकातली शोकाची ओळ. ही मला सगळ्यात उशिरा कळली. थोरलीच्या कॅमोगी संघातल्या मुलीचे आजोबा गेले. पत्रकात नाव होतं, मी वाचलं नव्हतं. अख्खा संघ युनिफॉर्मवर चर्चच्या दारापासून रस्त्यापर्यंत दोन ओळींत उभा राहिला, शवपेटी मधून गेली. माझी लेक घरी अभ्यास करत होती. कुणीही एका शब्दानं बोललं नाही. पण सामन्याला गाडीतून नेऊ का असं विचारणारे फोन पुढे दोन आठवडे आले नाहीत, एवढं मला दिसलं.

पुढच्या वेळी मात्र मी गेले. पाऊस होता, रांग फ्युनरल होमच्या बाहेर फुटपाथवर आलेली. आत पेटी उघडी, तिच्यात वारलेल्या आजी निळ्या कार्डिगनमध्ये, हातात जपमाळ. घरचे ओळीनं उभे. प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, ‘सॉरी फॉर युअर ट्रबल.’ बास. तुम्ही कोण, कुठले, कुणी विचारत नाही. आपल्याकडे भेटायला गेलो की कसे गेले, कधी गेले, शेवटचं काय बोलले, असं सगळं विचारून घेतो. इथे तीन सेकंद आणि पुढे सरकायचं. मला ते आधी कोरडं वाटलं. मग पाहिलं, दुःखातल्या माणसाला तीनशे जणांशी बोलावं लागत नाही. महिन्याभरानं ‘मन्थ्स माइंड’चा मास असतो. त्याला गेलात तर फार लक्षात ठेवतात.

केरळची कुटुंबं यात आपल्यापेक्षा कितीतरी पुढे आहेत. त्यांच्यातले बरेच जण मुळात कॅथलिक, त्यामुळे त्यांना मास नवा नाही, हे खरं. पण केकविक्रीला टेबल लावायलाही तेच असतात. आपण दिवाळीचा हॉल बुक करतो, पाचशे माणसं जमवतो आणि म्हणतो इथले लोक मिसळत नाहीत. पॅरेंट्स असोसिएशनच्या बैठकीला गेल्या दहा वर्षांत मी धरून तीन मराठी माणसं पाहिली. त्यातलं एक चुकून आलं होतं, त्याला वाटलं ओपन इव्हिनिंग, म्हणजे नव्या पालकांना शाळा दाखवायची संध्याकाळ आहे.

बाकी फुटकळ. बऱ्याच शाळा बुधवारी अर्ध्या दिवसानं सुटतात, आधी विचारून ठेवा, नाहीतर मूल पावसात गेटवर उभं राहतं. पालक-शिक्षक भेट वर्षातून एकदाच, हॉलमध्ये, प्रत्येक शिक्षकापाशी तीनेक मिनिटं. गणिताच्या रांगेत आधी उभे राहा. ‘ही इज ग्रँड’ (छान चाललंय) म्हणाले तर विचारा, ग्रँड म्हणजे किती टक्के. स्कूल बसचा अर्ज वसंतातच करायचा असतो. वादळाचा रेड अलर्ट आला तर शाळा बंद, मूल पाठवायचं नाही.

आणि तिकिटं. सेकंडरी शाळा जूनच्या सुरुवातीला बंद होते आणि ऑगस्टअखेर उघडते. भारतात जायला जवळजवळ तीन महिने मिळतात. तरी आपले लोक लग्नासाठी डिसेंबरात पाच आठवडे मूल उचलून नेतात. वीस दिवसांची गैरहजेरी झाली की शाळेला टुस्लाला कळवावंच लागतं, त्यात मुख्याध्यापकांची काही मर्जी चालत नाही. टुस्ला ही मुलांची आणि कुटुंबांची सरकारी यंत्रणा. पत्र आलं की घाबरून मला फोन करू नका, उत्तर द्या.

लेंट सुरू झालं की मूल ट्रोकेराचा पुठ्ठ्याचा खोका घरी आणेल. आयर्लंडच्या बिशपांनी १९७३ मध्ये सुरू केलेली ही संस्था परदेशातल्या गरिबांसाठी काम करते. खोका स्वयंपाकघरात ठेवा, सुटे पैसे टाका, ईस्टरनंतर शाळेत परत द्या. आमचा पहिल्या वर्षीचा खोका परत द्यायचा राहून गेला. परवा कपाट आवरताना सापडला. चार युरो साठ सेंट आणि आपली दोन रुपयांची तीन नाणी. युरो या वर्षीच्या खोक्यात टाकले.