एसीच्या कामात नवीन आहात? आधी आवाज ऐकायला शिका

मुंबईत एसीच्या तक्रारी मुख्यतः तीन. गार होत नाही, पाणी गळतं, आवाज करतो. पहिल्या दोन आयटीआयमध्ये बऱ्यापैकी शिकवतात. तिसरी लोकांच्या घरी कान लावूनच शिकावी लागते.

ग्राहकाला 'आवाज कसा येतो' असं विचारलंत तर तो तोंडाने घर्रर्र करून दाखवेल, आणि त्यातून काही कळणार नाही. कधी येतो ते विचारा. चालू करताना, सतत, की बंद केल्यावर? निम्मं काम इथेच होतं.

चालू करताना आउटडोरमधून (बाहेरच्या युनिटमधून) 'हूंऽऽ', काही सेकंदांत 'टक्', मग शांतता, थोड्या वेळाने पुन्हा तेच. याचा अर्थ कॉम्प्रेसर (गॅस दाबणारं यंत्र) उचलत नाही, म्हणजे सुरूच होत नाही, आणि ओव्हरलोड (करंट जास्त झाला की सप्लाय तोडणारा स्विच) त्याला तोडतोय. बहुतेक वेळा कॅपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणारा पार्ट, गेलेला असतो. दीड टनाच्या साध्या एसीत तो साधारण ३५ ते ५० मायक्रोफॅरडचा असतो. आकडा आणि ±५ टक्क्यांसारखी फरकाची मर्यादा त्याच्यावरच छापलेली असते. एमसीबी (एसीच्या लाइनचा स्विच) पाडा, कॅपॅसिटर डिस्चार्ज करा, मगच मीटर लावा. नवा टाकूनही तेच झालं तर क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा) घ्या. एरवी ७-८ अँपिअरवर चालणारा कॉम्प्रेसर जाम असेल तर त्याच्या कित्येक पट करंट ओढतो आणि काटा खाली येतच नाही. पण त्याआधी व्होल्टेज बघा. जुन्या इमारतींत बारीक वायरवर एसी जोडलेला सापडतो. सुरू होताना तिथे व्होल्टेज पडतं आणि चांगल्या कॉम्प्रेसरवर आळ येतो.

सतत खडखड असेल तर एसी फक्त फॅन मोडवर टाका. आवाज तसाच राहिला तर दोष इनडोरच्या ब्लोअरमध्ये: कुठे जास्त कुठे कमी बसलेली धूळ, किंवा टोकाचा झिजलेला बुश (ज्यात ब्लोअरचा दांडा फिरतो तो). बुश किरकिरत असेल तर तेल सोडून निघून येऊ नका, आठवड्याभरात परत फोन येतो. बुशच बदला. फॅन मोडवर आवाज थांबला तर आउटडोर तपासा. खाऱ्या हवेने गंजलेले स्टँडचे बोल्ट, चपटलेले रबर, फॅनमध्ये कबुतरांनी कोंबलेल्या काड्या, आणि आधीच्या मेकॅनिकने परत न लावलेले स्क्रू (हे सगळ्यात जास्त!). तांब्याचा पाइप बॉडीला घासत असेल तर तो हाताने जरा बाजूला धरा; आवाज गेला की मध्ये इन्सुलेशनचा तुकडा घाला, काम झालं. आउटडोर खिडकीबाहेर असेल तर सेफ्टी बेल्टशिवाय वाकायचं नाही, शेठ कितीही घाई करोत.

काही आवाज दोषाचे नसतातच. बंद केल्यावर काही वेळ येणारी फुसफुस म्हणजे दोन्ही बाजूंचा गॅसचा दाब समान होतोय. टकटक म्हणजे तापमान बदललं म्हणून प्लास्टिक आकसतंय किंवा फुगतंय.

गुडगुड मात्र फसवी. टॉवरमधल्या घरात खिडक्या घट्ट बंद, स्वयंपाकघरात चिमणी चालू. चिमणी हवा बाहेर फेकते, मग बाहेरची हवा वाट मिळेल तिथून आत येते. एसीचं पाणी बाहेर नेणारा ड्रेन पाइप ही अशीच एक वाट. पाइपातल्या पाण्यातून हवा वर चढली की इनडोरमध्ये गुडगुड ऐकू येते. खिडकी चार बोटं उघडा, लगेच थांबते. मुंबईत याच आवाजावर 'गॅस कमी झालाय' म्हणून गॅस भरून घेतलेल्यांची बिलं मी पाहिली आहेत. ही लबाडी आहे. गॅस कमी असल्याचा पुरावा प्रेशर, करंट आणि जोडावरचा तेलाचा डाग देतो.

इन्व्हर्टर एसीचा सूर वेग बदलला की बदलतो, त्यात गैर काही नाही. पीसीबीला (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाटीला) हात लावायचा असेल तर सप्लाय बंद करून थांबा आणि मीटरने खात्री करा. त्याच्या कॅपॅसिटरमध्ये बराच वेळ चार्ज उरतो.

आपण पोचलो की आवाज गप्प, हे तर नेहमीचंच. अशा ग्राहकाला सांगा, रात्री आवाज आला की मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्यात रिमोटचा डिस्प्ले दिसू द्या. मोड आणि तापमान कळलं की दुसऱ्या फेरीला कोणते पार्ट न्यायचे ते आधीच ठरवता येतं.