पाणी गाळ्यात शिरण्याआधी दप्तर वर काढा

पावसाळ्यात तळमजल्याच्या गाळ्यात पाणी आलं की आधी मशिनची मोटर वाचवली जाते, मग माल. बॉक्स फाइलींकडे लक्ष जातं तोवर खालची रांग फुगून रॅकमध्ये घट्ट बसलेली असते. ओढायला जावं तर पुठ्ठा हातात येतो आणि कागद तिथेच राहतात. म्हणून रॅकवर फाइली ठासून भरू नयेत, प्रत्येक रांगेत चार बोटं जागा मोकळी ठेवावी. ओला कागद फुगतो, त्याला ती जागा लागते.

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुर्ला, कलिना भागात त्या दिवशी पाणी कुठपर्यंत चढलं होतं हे जुन्या शेजाऱ्यांना अजून सांगता येतं. ते विचारा, भिंतीवर खूण करा आणि महत्त्वाचं काहीही त्या खुणेच्या खाली ठेवू नका. खूण डोक्यावर जात असेल तर ते कागद त्या गाळ्यात ठेवायचेच नाहीत. पाणी कधीच आलं नसेल तरी खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर आणि मांडणी भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे हवी. भिंतीची ओल आणि वाळवी दोन्ही तिथूनच येतात. पोटमाळा सोयीचा वाटतो, पण वर पत्रा असेल तर तिथे गळतीही होते आणि उन्हाळ्यात कागद भाजूनही निघतो.

हे सगळं काम एप्रिल-मेमध्ये उरकावं. मार्च-एंडची फाइल बंद झालेली असते आणि हवा जूनपेक्षा कोरडी असते.

कागदांची स्कॅन प्रतही हवी, पण स्कॅनरला हात लावण्याआधी निवड करा. सरसकट सगळं स्कॅन करायला घेतलं की काम दिवाळीपर्यंत रेंगाळतं आणि खरे मोलाचे कागद शेवटी राहतात. पहिला ढीग मूळ प्रतीचा: खरेदीखत, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), भागीदारी पत्र, शेअर सर्टिफिकेट, कुलमुखत्यारपत्र, प्रॉमिसरी नोट, बँकेची गहाणाची कागदपत्रं, आणि पागडीचा गाळा असेल तर जुन्या भाडेपावत्या. पागडीच्या वादात त्या पिवळ्या पावत्यांवरच सगळं उभं असतं, त्या कधीच टाकू नयेत. या ढिगाचं स्कॅन पहिल्याच दिवशी व्हावं, आणि स्कॅन झालं तरी मूळ कागद जपायचेच.

दुसरा ढीग मुदतीचा. कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तकं आणि व्हाउचर ८ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. जीएसटीचे कागद त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. अपील किंवा चौकशी चालू असेल तर निकाल लागल्यावर आणखी एक वर्ष, यातली जी मुदत उशिरा संपेल ती धरायची. खोक्यावर आतल्या मालासोबत ‘अमुक तारखेआधी टाकू नये’ हेही ठळक लिहा. तिसरा ढीग रद्दीचा. तो सीएला विचारून फाडून द्या, तसाच रद्दीवाल्याला नको. त्यात लोकांचे पॅन आणि खातेक्रमांक असतात.

ठेवताना कागदाला हवा लागते. पेशवे दफ्तराचे कागद रुमालात बांधून ठेवत, कापडातून दमटपणा बाहेर पडतो. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद केलेला गठ्ठा आतल्या आत घामेजतो आणि बुरशी धरतो. जाड पुठ्ठ्याचा खोका, वर झाकण आणि सगळ्यात वरच्या कप्प्यावर ताडपत्री, एवढं पुरतं. पीव्हीसीच्या चकचकीत फोल्डरला झेरॉक्सची शाई चिकटते. वर्षांनी कागद बाहेर येतो आणि अक्षरं प्लास्टिकवर राहतात. पिना, स्टेपल आणि रबरबँड काढाच. गंज कागदाला भोक पाडतो, रबर वितळून चिकटतो. सिलिका जेलच्या पुड्या एकदा टाकून भागत नाही. रंग बदलला की पुडी भरली, ती बदला.

आगीचं गणित वेगळं आहे. २१ जून २०१२ ला मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली आणि फाइली खाक झाल्या. साधं लोखंडी कपाट आगीत तव्यासारखं तापतं आणि आतला कागद कोळसा होतो. अग्निरोधक तिजोरी घेताना ती कागदासाठी आहे की हार्ड डिस्कसाठी, हे विचारा. कागदाच्या तिजोरीत आतलं तापमान १७७ अंश सेल्सियसपर्यंत गेलेलं चालतं, डिस्कच्या तिजोरीत जेमतेम ५२ अंश. म्हणजे कागदाच्या तिजोरीत ठेवलेली डिस्क कागद वाचूनही मरते. आग विझल्यावर तिजोरी लगेच उघडू नका. ती पूर्ण थंड होऊ द्या, नाहीतर आत हवा शिरताच तापलेला कागद पेट घेतो.

आता स्कॅनिंग. छापील बिलांना ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरे. बारीक अक्षर, फिकट कार्बन कॉपी किंवा जुनं हस्ताक्षर असेल तर ४०० ते ६००. शिक्का, सही, फ्रँकिंग असलेला प्रत्येक कागद रंगीत स्कॅन करा. काळ्या-पांढऱ्यात जांभळा शिक्का आणि खालची सही एक होऊन जातात. थर्मल पावत्या, म्हणजे कार्ड मशिनच्या, टोलच्या, त्याच आठवड्यात स्कॅन कराव्यात. त्या आपोआप उडतात, आणि लॅमिनेट केल्या तर उष्णतेने काळ्या पडतात.

प्रत्येक गठ्ठ्याचे कागद आधी मोजा आणि वरच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलने आकडा लिहा. स्कॅननंतर पानांची संख्या जुळलीच पाहिजे. पातळ बिलबुकाचे दोन कागद एकदम ओढले जातात, आणि मोजल्याशिवाय ते कळतच नाही. जीर्ण, चिकटवलेले, घडी फाटलेले कागद फीडरमध्ये (कागद आपोआप ओढणाऱ्या ट्रेमध्ये) घालू नका, काचेवर ठेवून घ्या. सगळ्या पानांवर एकाच जागी उभी रेघ दिसली तर काचेच्या पट्टीवर धूळ किंवा डिंक आहे. दर दोन-अडीचशे कागदांनी ती मऊ कापडाने पुसा. ‘कोरं पान वगळा’ ही सेटिंग बंद ठेवा. बिलामागे पेन्सिलने लिहिलेली ‘रोख मिळाले’ची नोंद मशिनला कोरीच वाटते.

फाइलचा आकार कमी करण्याच्या नादात सगळ्यात जास्त दाबणारी सेटिंगही निवडू नये. २०१३ साली एका जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की अशा दाबण्यामुळे काही मशिन्स ६ च्या जागी ८ छापत होत्या. असा आकडा डोळ्यांना स्वच्छ दिसतो, त्यामुळे चूक सापडत नाही. फाइल पीडीएफ-ए (दीर्घकाळ जपण्यासाठीची पीडीएफ) प्रकारात ठेवा. नाव एकाच साच्यात: वर्ष-महिना-दिवस, पार्टी, प्रकार, बिल क्रमांक. तारीख वर्षापासून सुरू केली की फाइली आपोआप क्रमाने लागतात. मजकूर शोधण्यासाठी ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं संगणकाने ओळखणं) मराठीतही होतं, पण शिक्क्याखालचं आणि हाताने लिहिलेलं त्याला नीट लागत नाही, म्हणून एक साधी यादी एक्सेलमध्ये हवीच.

तीन प्रती ठेवा: ऑफिसच्या संगणकावर एक, काम झालं की सुटी करून ठेवायच्या डिस्कवर दुसरी, आणि मुंबईबाहेर किंवा क्लाउडवर तिसरी. कुर्ल्याचा गाळा आणि सायनचं घर एकाच पावसात बुडू शकतात. डिस्क कायम जोडलेली असेल तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस, तिलाही कुलूप घालतं. दर तीन महिन्यांनी तिसऱ्या प्रतीतून कोणतीही दहा बिलं उघडून पाहा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नये.

कोर्टात स्कॅन दाखवायची वेळ आली तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्याखाली स्कॅनसोबत द्यायचं प्रमाणपत्र दोन भागांचं असतं, एक संगणक सांभाळणाऱ्याचं आणि दुसरं तज्ज्ञाचं, आणि त्यात फाइलचा हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा, एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. स्कॅन झाल्याच दिवशी तो काढून यादीत लिहून ठेवा.

आणि कागद भिजलेच तर घड्याळाकडे बघा. मुंबईच्या हवेत ४८ तासांत बुरशी धरू लागते. ओला गठ्ठा उलगडू नका, पानं फाटतात. खाली ट्रे सरकवून आहे तसा उचला. थोडे कागद असतील तर पंख्याखाली, मध्ये कोरा न छापलेला कागद घालून, तो दर काही तासांनी बदलत वाळवा. उन्हात नको, ड्रायरने नको, इस्त्री तर अजिबात नको. गुळगुळीत कागदाची कॅटलॉग मात्र ओली असतानाच पान-पान सुटी करावीत, वाळल्यावर त्यांची वीट होते. ढीग मोठा असेल तर दोन-दोन इंचांचे गठ्ठे मेणकागदात गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, मग सवडीने थोडे-थोडे काढून वाळवता येतात. सांडपाण्यात भिजलेल्या कागदांना हातमोजे आणि मास्क घालूनच हात लावा.