चार्ज फ्रेमची तारीख: ‘कबूल आहे का?’ विचारण्याआधी

पोलीस कोर्टात दाखल करतात ते दोषारोपपत्र. ते आणि पुरावे पाहून न्यायाधीश स्वतः ठरवतात आणि आरोपीला वाचून दाखवतात तो दोषारोप; तो ठेवणं म्हणजेच ‘चार्ज फ्रेम’. पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात दोन्हींना सर्रास ‘चार्ज’ म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पुढचा खटला चालतो तो या दुसऱ्या कागदावर.

पुराव्यात दमच नसेल तर दोषमुक्तीचा, म्हणजे खटला न चालवताच सोडण्याचा अर्ज दोषारोप ठेवण्याआधीच द्यायचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्यात, त्याला ६० दिवस आहेत: गंभीर गुन्ह्यांच्या सत्र खटल्यात प्रकरण सत्र न्यायालयाकडे पाठवल्यापासून, दंडाधिकाऱ्यांपुढच्या वॉरंट खटल्यात (दोन वर्षांहून जास्त शिक्षेचे गुन्हे) पोलिसांच्या कागदपत्रांच्या नकला मिळाल्यापासून. १ जुलै २०२४ आधीच सुरू असलेल्या खटल्यांना मात्र १९७३ची जुनी संहिता लागते, तिच्यात ही मुदत नाही. एकदा दोषारोप ठेवला की दोषमुक्ती संपली. मग निर्दोष सुटका किंवा शिक्षा.

पुकारा झाला की कठड्यात उभं राहून नीट ऐका. तारीख, वेळ, ठिकाण, फिर्यादीचं नाव, कलम. चोरी रस्त्यावरची की राहत्या घरातली, एवढ्यानं भारतीय न्याय संहितेचं (गुन्हे आणि शिक्षा सांगणारा कायदा) कलम ३०३(२) जाऊन ३०५ येतं आणि कमाल शिक्षा ३ वर्षांवरून ७ वर्षांवर जाते. चूक दिसली तर वकिलांमार्फत तिथंच सांगा. निकालापर्यंत कोर्ट दोषारोप बदलू शकतं. पण नंतर अपिलात नुसती चूक दाखवून भागत नाही, तिच्यामुळे दिशाभूल होऊन अन्याय झाला हे पटवावं लागतं. भाषा कळली नाही तर सही करण्याआधी मराठीत समजावून मागा. वकील परवडत नसेल तर त्याच आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे.

मग प्रश्न येतो: गुन्हा कबूल आहे का? ‘चूक झाली साहेब, दंड भरतो’ हे उत्तर सगळ्यात महागात पडतं. त्यावर तिथल्या तिथे दोषी ठरवता येतं आणि अपील उरतं ते जवळपास शिक्षेपुरतंच.

गप्प राहिलं तर? खटला पुढे चालतो, इतकंच. इंग्लंडमध्ये, जिथून ही प्रश्नोत्तराची रीत आपल्याकडे आली, तिथे एके काळी गप्प राहणाऱ्याच्या छातीवर वजनं ठेवत. दोषी ठरलं तर मालमत्ता जप्त होई, म्हणून काहीजण तसंच मरण पत्करत. १७७२ मध्ये ते थांबलं, पण मौन म्हणजे कबुली धरू लागले; ‘कबूल नाही’ अशी नोंद व्हायला १८२७ उजाडलं.

या तारखेला हजेरी माफीच्या अर्जावर विसंबू नका. येरवड्यात असलेल्या आरोपीला व्हिडिओवरूनही दोषारोप वाचून दाखवता येतो. जामिनावर बाहेर असलेल्यानं पुकाऱ्याआधी कोर्टात बसलेलं बरं.