एसी कारमधून उतरलं की लेन्सवर वाफ धरते? कॅमेरा डिक्कीत ठेवा

पावसाळ्यात रेल्वेच्या जुन्या डिझेल इंजिनांचे फोटो काढायला कारने फिरता ना, मग हे वाचा. फाटक पडलं, गाडी बाजूला घेतली, कॅमेरा घेऊन उतरलं की लेन्स अख्खी धुरकट, पुसली तरी लगेच परत तेच. विदर्भात नागभीड-वडसा भागात माझं असंच झालं, गिट्टीच्या गाडीला चक्क आल्को (जुन्या अमेरिकन डिझाइनचं डिझेल इंजिन) होतं, डब्ल्यूडीजी-३ए हे मालगाडीचं मॉडेल, १६ सिलिंडर, धानाच्या बांध्यांमधून काळा धूर सोडत आलं आणि माझ्या फोटोत नुसतं दूध. ही इंजिनं आता रोज कुठं दिसतात हो, लई जीव तुटला.

तेव्हापासून असं करतो:

१. सेडान असेल तर कॅमेऱ्याची बॅग डिक्कीत, तिथं एसीची थंड हवा फारशी पोचत नाही.
२. हॅचबॅक नाहीतर एसयूव्ही असेल तर जागेवर पोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद, काचा खाली आणि बॅगेची चेन उघडी. घाम येईल, येऊ द्या.
३. तरी वाफ धरलीच तर पुसत बसू नका, कॅमेरा उघड्या हवेत राहू द्या, आपोआप जाते. तोवर लेन्स मात्र बदलायची नाही, वाफ आत सेन्सरवर धरते.

एक सांभाळा, हे फक्त पावसाळ्यासाठी आहे. मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात डिक्की भट्टीसारखी तापते, तेव्हा कॅमेरा आणि बॅटऱ्या तिथं अजिबात नको.