‘साहेबे कीधुं छे’

गुजराती मला लहानपणापासून येतं. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात वाढलेल्या मराठी पोरीला ते येणारच. पण ‘साहेबे कीधुं छे’, म्हणजे ‘साहेबांनी सांगितलंय’, या तीन शब्दांचा खरा अर्थ मला मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, कळला. ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात मी वाइंडिंग (तारेची कॉइल गुंडाळणं) आणि असेंब्लीची सेक्शन इन्चार्ज झाले होते. हाताखाली बावीस माणसं, त्यातली बरीचशी माझ्या वडिलांच्या वयाची. नाव आणि सही माझी, पण चालायचं साहेबांचं. नव्याने सुपरवायझर होणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या वाट्याला हे येतं, म्हणून जे घडलं ते लिहिते.

सुरुवात उत्तरायणापासून, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीपासून झाली. वडोदऱ्यात १४ जानेवारीला कुणाला कामावर बोलवायचं म्हणजे काय, ते इथल्यांना सांगायला नको. मी आठवडाभर आधी सगळ्यांशी बोलून यादी केली होती: निम्म्यांना चौदाची सुट्टी, निम्म्यांना पंधराची, वासी उत्तरायणाची. चौदाला सकाळी अकरा जण यायचे होते, सहा आले. बाकीचे पाच आदल्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सुट्टी मंजूर करून आले होते. शेजारच्या गच्च्यांवरून ‘काइपो छे’चा गलका चाललेला, आणि माझ्यासमोर दोन वाइंडिंग मशिनं अर्धवट कॉइल अंगावर घेऊन उभी. जे सहा आले होते ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती अजून आठवते. बेनचं, म्हणजे माझं, ऐकून ते फसले होते.

साहेब मराठीच. बाबांना ओळखणारे, त्यामुळे मला सगळ्यांसमोर ‘अगं’ म्हणायचे. बाकी सगळ्यांना ‘तुम्ही’. यात त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, पण विंडरसमोर, म्हणजे कॉइल गुंडाळणाऱ्या कामगारासमोर, ‘अगं, तुला नाही कळायचं, सरक जरा’ ऐकल्यावर तो विंडर पुढच्या वेळी प्रश्न विचारायला कुणाकडे जाणार?

तरीही सुट्टीचं प्रकरण मी गिळलं. ओव्हनचं गिळता आलं नाही.

ट्रान्सफॉर्मरचा कोअर आणि कॉइल टाकीत घालण्याआधी ओव्हनमध्ये वाळवतात, कारण इन्सुलेशनचा कागद हवेतली ओल धरतो. वाळलं की नाही हे हात लावून कळत नाही, मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून रीडिंग घ्यावं लागतं. गरम व्हायला लागलं की ते आधी घसरतं, ओल निघायला लागली की चढतं, आणि सगळी निघाली की एका जागी स्थिरावतं. लागोपाठची रीडिंगं सारखी येईपर्यंत काढायचं नाही, असं मी सांगून ठेवलं होतं. महिनाअखेर होती, डिस्पॅचची घाई. रात्री साहेबांनी थेट ओव्हनवाल्याला फोन केला आणि जॉब काढायला लावला. रीडिंग तेव्हा अजून चढत होतं.

टाकीत बसवून तेल भरल्यावर टेस्टिंगला रीडिंग कमी आलं. तेल काढा, जॉब उपसा, पुन्हा ओव्हन. दोन दिवस गेले. आणि मीटिंगमध्ये साहेबांनीच विचारलं, “असेंब्लीवाल्यांनी एवढ्या लवकर काढलंच कसं?”

त्या दिवशी घरी जाताना मी सेवउसळीच्या गाडीवर थांबले आणि प्लेट तशीच ठेवून निघाले. मग रात्री दीड वाजता एक चूक केली. सगळा घटनाक्रम वेळेसकट लिहून मेल पाठवला, साहेबांना, आणि प्लांट हेडना कॉपी. मुद्दे शंभर टक्के खरे होते. परिणाम एवढाच झाला की साहेब तीन आठवडे माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले आणि प्लांट हेडनी ‘आपापसांत मिटवा’ म्हणून मेल परत खाली ढकलला. तुमची बाजू खरी असली तरी साहेबाला त्याच्या साहेबासमोर पहिल्याच फटक्यात उघडं पाडू नका. रागात लिहिलेला मेल सकाळपर्यंत ड्राफ्टमध्ये राहू द्या.

उपयोग झाला तो एका रकान्याचा. ओव्हनच्या लॉगबुकात दर तासाचं तापमान आणि रीडिंग लिहायची पद्धत होतीच. मी शेवटी एक रकाना आखला: ‘बाहेर काढण्याचा निर्णय कोणाचा’. ओव्हनवाल्याला सांगितलं, “साहेबांनी फोन केला तर त्यांचंच ऐका, वाद घालू नका. फक्त तिथे त्यांचं नाव लिहा आणि लगेच मला फोन करा, रात्री तीन वाजले तरी.” कामगाराला दोन साहेबांच्या कात्रीत धरायचं नाही. तो ‘साहेबे कीधुं छे’ म्हणतो ते फितुरीने नव्हे, त्यालाही नोकरी टिकवायची असते. हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी दोघातिघांशी विनाकारण तुटक वागले होते.

लॉगबुक लपवलं नाही, ओव्हनशेजारी टेबलावर उघडं असायचं. साहेबांनी दोनच दिवसांत तो रकाना पाहिला. काही बोलले नाहीत. पण रात्रीचे फोन थांबले. नंतर एकदाच आला, तोही मला: “रीडिंग काय म्हणतंय?”

तेवढ्या आधारावर मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसले. चारनंतर, फ्लोअर शांत झाल्यावर. ‘तुम्ही माझा अपमान करता’ असं म्हटलं असतं तर ‘छे गं, तू मुलीसारखी’ म्हणून विषय संपला असता. म्हणून मानाचं काही काढलंच नाही. विचारलं, “साहेब, सुट्टी, ओव्हरटाइम आणि ओव्हन, यातलं काय मी ठरवायचं आणि काय तुम्ही? तुम्ही ठरवणार असाल तर मी माणसांना तसं सांगते.” ते जरा गडबडले. ओव्हन आणि सुट्टी माझ्याकडे आली, ओव्हरटाइम त्यांनी सोडला नाही. मीही ताणलं नाही. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर दोन ओळी पाठवल्या: ‘आज बोललो त्याप्रमाणे उद्यापासून असं करते.’ त्यांनी अंगठा पाठवला. तो अंगठा मी जपून ठेवलाय.

हेही सांगायला हवं की साहेब पंचवीस वर्षं याच फ्लोअरवर वाढलेले. कॉइलचा नुसता आवाज ऐकून तार कुठे सैल आहे ते सांगायचे, आणि दहातल्या सात वेळा बरोबर असायचे. हात मागे घेणं त्यांना जमत नव्हतं, एवढंच. सगळे साहेब असे नसतात. तुम्ही एकांतात शांतपणे सांगितल्यावरही जो पुढच्या वेळी मुद्दाम चार माणसं जमवून तेच करतो, त्याच्याकडे रकाने आखत बसू नका. बदली मागा, नाहीतर दुसरीकडे अर्ज टाका. माझी कलाभवनातली एक मैत्रीण (सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेलं कलाभवन, आजची युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी, आम्ही अजून तेच नाव घेतो) अशा माणसाखाली चार वर्षं ‘सुधारेल’ म्हणत राहिली. शेवटी मंजुसरला दुसरी नोकरी धरली, तेव्हा कुठे तिला झोप लागायला लागली.

पुढच्या उत्तरायणाला एक विंडर सवयीने त्यांच्या केबिनमध्ये गेला. “बेनने पूछी लो,” म्हणजे ‘बेनला विचारा’, असं साहेब म्हणाले ते मला बाहेर ऐकू आलं. बरं वाटलं. दहा मिनिटांनी साहेब स्वतःच माझ्या टेबलापाशी आले, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “अगं, देऊन टाक ना त्याला चौदाची. नातवाची पहिली पतंग आहे.”

मी यादी पुढे केली आणि विचारलं, कुणाचं नाव खोडू? त्यांनी चष्मा लावून पूर्ण यादी वाचली, दोनदा. मग म्हणाले, “पंधराची आहे का एखादी?”

पंधराची एक होती. ती दिली.