लिथियम-६ चा ढग अनुनादावर नेताय? या चुका टाळा

ढग म्हणजे ट्रॅपमध्ये (प्रकाशाच्या सापळ्यात) अतिथंड केलेला लिथियम-६ अणूंचा वायू. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे त्याचा आकार बघून सुपरफ्लुइड (घर्षणाशिवाय वाहणारी अवस्था) जाहीर करणं. ८३२ गॉसच्या चुंबकीय क्षेत्रात, म्हणजे फेशबाक अनुनादावर (जिथे अणूंचा एकमेकांवरचा परिणाम सर्वांत तीव्र होतो), सिगारसारखा लांबट ढग ट्रॅपमधून सोडला की तो आडवा होता तो उभा होतो. नवशिक्याला वाटतं, झालं काम. पण अनुनादावर टकरा इतक्या दाट होतात की साधा, सुपरफ्लुइड नसलेला वायूही द्रवासारखा वाहतो, आणि दाबाचा उतार अरुंद बाजूला तीव्र असल्याने तिकडेच जोरात पसरतो. २००२ मध्ये ड्यूक विद्यापीठात जॉन थॉमस यांच्या गटाने असा विस्तार दाखवला, तेव्हा टकरांचं स्पष्टीकरण आधी तपासलं आणि सुपरफ्लुइड ‘शक्य’ आहे एवढंच म्हटलं. निःसंशय पुरावा म्हणजे ढग फिरवल्यावर त्यात दिसणारी भोवऱ्यांची नियमित जाळी. ती अमेरिकेतल्या एमआयटीत वोल्फगांग केटर्ले यांच्या गटाला २००५ मध्ये दिसली. म्हणजे पक्का पुरावा मिळायला तीन वर्षं लागली. आपण एका फोटोवर थांबू नये.

याच कारणाने मुक्त उड्डाणाचं सूत्र (सोडलेले अणू न आदळता पसरतात असं धरणारं) लावून काढलेलं तापमानही चुकतं. ढगाचा फोटो ट्रॅपमध्येच घ्या, घनतेचा आलेख काढा, आणि २०१२ मध्ये एमआयटीत मोजलेल्या अवस्था समीकरणाशी (घनता, दाब आणि तापमान यांच्या नात्याशी) जुळवा.

दुसरी चूक फोटो काढतानाची. लिथियम हलका; ६७१ नॅनोमीटरचा एक फोटॉन शोषला की अणूचा वेग सेकंदाला सुमारे १० सेंटीमीटरने वाढतो आणि डॉप्लर परिणामामुळे तो शोषतो ती वारंवारता ०.१५ मेगाहर्ट्झ सरकते. शोषणाच्या रेषेची रुंदी ५.९ मेगाहर्ट्झ. वीस फोटॉनांत अर्धी रुंदी गेली, अणू प्रकाशाला दिसेनासे होतात आणि मोजणी कमी येते. मग लोक ‘लॉस’ (अणूंची गळती) शोधत बाष्पीभवनाचे (गरम अणू बाहेर सोडून ढग थंड करण्याचे) रॅम्प, म्हणजे ट्रॅप सैल करण्याचे टप्पे, बदलत बसतात. प्रकाश संपृक्ततेच्या (ज्या तीव्रतेपुढे अणूंचं शोषण वाढणं मंदावतं तिच्या) दहाव्या हिश्श्यावर, म्हणजे प्रति चौरस सेंटीमीटर ०.२५ मिलिवॅट, आणि पल्स ५ मायक्रोसेकंदांचा ठेवा. मग तीव्रता तीच ठेवून ३, ५, १०, २० मायक्रोसेकंदांना अणू मोजा. संख्या घसरू लागते त्याच्या आत राहा. हे काम अर्ध्या तासाचं आहे, तरी टाळलं जातं, याचं वाईट वाटतं.

फोटोचा किरण चुंबकीय क्षेत्राला काटकोनात असेल, तर क्षेत्राला लंब रेषीय ध्रुवणातला निम्माच प्रकाश उपयोगी पडतो. काटछेद (प्रकाश शोषण्यासाठी अणूचं परिणामी क्षेत्रफळ) अर्धा धरा, नाहीतर अणू अर्धेच मोजाल.

अणूंच्या दोन स्पिन-अवस्थांचं मिश्रण ७६ मेगाहर्ट्झच्या आरएफने (रेडिओ लहरींनी) केल्यावर लगेच बाष्पीभवन सुरू करू नका. सगळे अणू एकाच सुपरपोझिशनमध्ये (दोन्ही अवस्थांच्या एकत्रित मिश्र अवस्थेत) असेपर्यंत ते एकसारखे फर्मिऑन (असे कण की एकसारखे दोन एका जागी येत नाहीत) असतात, एकमेकांवर आदळत नाहीत. चुंबकीय क्षेत्राच्या उताराने ही सुसंगती (सगळ्या अणूंची एकसारखी मिश्र अवस्था) मोडू द्या.

६५० ते ७०० गॉसच्या पट्ट्यात रेंगाळू नका, तिथे अणू झपाट्याने गळतात.

लिथियम तापवून वाफ करणाऱ्या ओव्हनजवळ तांब्याची गॅस्केट (जोड हवाबंद करणारी चकती) नको, लिथियम ती खातं. निकेलची बसवा.