क्रिप्टँथा ओळखायचाय? फूल सोडा, बी बघा

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या मोहावे-सोनोरा वाळवंटांत पावसानंतर उगवणाऱ्या क्रिप्टँथा या रानरोपाची इवली पांढरी फुलं बहुतेक जातींत सारखीच दिसतात. फुलाचे कितीही फोटो काढा, जात ठरणं अवघडच.

१. विंचवाच्या नांगीसारख्या वळलेल्या तुऱ्याचं फुललेलं टोक सोडून खालच्या वाळलेल्या भागाकडे या.

२. तिथला एखादा केसाळ पेला (फूल गळल्यावर उरलेलं तळाचं आवरण) पांढऱ्या कागदावर चिमट्याने उकला. आत १ ते ४ बिया (खरं तर एकेक बी असलेली इवली कठीण फळं) असतात.

३. भिंगातून पाहा: गुळगुळीत की खरबरीत? कडेला पंखासारखी झालर? सगळ्या सारख्या की एखादी वेगळी? जातीचा खरा पुरावा इथेच. मोबाइलच्या लेन्सपुढे तेच भिंग धरलं की फोटोही बरा येतो.

बोटांनी चोळू नका, केस टोचतात. आणि जोशुआ ट्रीसारख्या राष्ट्रीय उद्यानात काहीच तोडायचं नाही. तिथे उभ्या रोपाच्या फोटोवरच भागवा.